दुसऱ्याच्या तोंडचं भाषण: भाषण लिहून द्यायला पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

पुण्यात वर्षाचे बारा महिने कोणी ना कोणी माईकसमोर उभं असतं. एकसष्टी, पुस्तक प्रकाशन, पतसंस्थेची वार्षिक सभा, सोसायटीचं स्नेहसंमेलन, गणेश मंडळाचं उद्घाटन, शोकसभा. या बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना भाषण लिहून देणारं कोणीतरी लागतं, आणि हे काम बहुतेक वेळा घरातल्या किंवा ऑफिसातल्या अशा माणसाच्या गळ्यात पडतं, ज्याच्यावर 'तुझं मराठी चांगलं आहे' असा शिक्का बसलेला असतो. तो शिक्का तुमच्यावर बसला असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

आपल्यापैकी बहुतेकांचं भाषणाचं शिक्षण १ ऑगस्टला शाळेत झालेलं असतं. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, घामट हातात पाठ केलेला कागद, 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो', मग शेंगांची टरफलं आणि शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो'. तोच कागद वर्गातल्या कोणाच्याही हातात दिला असता तरी काही बिघडलं नसतं. भाषण लिहून देणाऱ्याला नेमकं याच्या उलट साधायचं असतं. हे भाषण याच माणसाने, याच लोकांपुढे, याच दिवशी केलं तरच शोभेल, असं व्हायला हवं. खालच्या सगळ्या खटाटोपाचं कारण एवढंच.

आधी एक गोष्ट पक्की करा: नाव तुमचं येणार नाही

टाळ्या पडतील तेव्हा तुम्ही मागच्या रांगेत असाल. हे मनाला पटत नसेल तर स्वतःची भाषणं करा, ते जास्त सुखाचं.

पुण्याला या पडद्यामागच्या कामाची परंपरा मोठी आहे. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेला गेले. त्यांच्या तयारीमागे गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकाने जमवलेले आकडे आणि टिपणं होती. गोखले सगळ्यांना माहीत आहेत, जोशी अभ्यासकांना. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडींची भाषणं लिहिणाऱ्या टेड सोरेन्सन यांना लोक आयुष्यभर विचारत राहिले, की केनेडींच्या १९६१ च्या शपथविधीच्या भाषणातलं 'देश तुमच्यासाठी काय करेल हे विचारू नका' हे गाजलेलं वाक्य खरं कोणाचं? ते श्रेय केनेडींनाच देत राहिले. गोखल्यांची साक्ष गोखल्यांची आणि केनेडींचं भाषण केनेडींचं, कारण बोललेल्या शब्दाची जबाबदारी बोलणाऱ्याने घेतलेली असते. उद्या त्या वाक्यावरून वाद झाला तर पेपरवाले तुमच्या दारात येणार नाहीत.

पैशाचंही इथेच बोलून घ्या. 'दोन ओळीच तर लिहायच्यात' असं म्हणणारा माणूस सात वेळा बदल सांगतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. एक खर्डा आणि दोन दुरुस्त्या, असं आधीच ठरवावं. नात्यातलं काम असेल तर पैशाचा प्रश्न नाही, पण दुरुस्त्यांचा नियम तिथे जास्त कडक ठेवावा.

निमंत्रणपत्रिका मागून घ्या

काम स्वीकारल्यावर पहिली गोष्ट हीच. पत्रिकेत सगळं असतं: अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, तुमचा वक्ता कितवा. प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मानपत्र वाचन, मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार ही उतरंड मराठी कार्यक्रमात सहसा चुकत नाही, आणि तुमचं भाषण या उतरंडीत कुठे बसतं त्यावर त्यातला मजकूर ठरतो. तुमचा वक्ता पाचवा असेल, तर सत्कारमूर्तींचा जन्म, शिक्षण आणि पुरस्कार आधीच्या चौघांनी वाटून घेतलेले असतात. त्याच्यासाठी अशी एक गोष्ट शोधावी लागते जी इतर चौघांना माहीत असण्याची शक्यता नाही.

मग जागा. पत्रकार भवनात पन्नास-साठ माणसं समोर असतील तर हलक्या आवाजातला विनोदही पोचतो. बालगंधर्वच्या रंगमंचावरून समोरचा अंधार दिसतो, चेहरे दिसत नाहीत. नवख्या वक्त्याला त्याने धडकी भरते, म्हणून पहिली चार वाक्यं त्याला झोपेतही येतील अशी साधी ठेवावीत. रस्त्यावरच्या मांडवात मागून पीएमटीची बस जाते, पुढे लहान मुलं पळत असतात आणि आरतीची वेळ होत आलेली असते. तिथे तीन मिनिटांच्या पुढे कोणी ऐकत नाही. (बसला अजून पीएमटी म्हणतो, कारण पीएमपीएमएल म्हणेपर्यंत ती निघून जाते.)

आणि एक प्रश्न खासगीत विचारा: कोणाचं नाव घ्यायलाच हवं, आणि कोणाचं घ्यायचं नाही? संस्था जितकी जुनी तितकी ही दुसरी यादी लांब. ती कागदावर लिहू नका, लक्षात ठेवा.

वक्त्याला बोलतं करा

बहुतेक नवे लेखक इथेच घाई करतात. फोनवर 'मुद्दे पाठवा' म्हणतात, समोरून व्हॉट्सॲपवर सहा ओळी येतात आणि त्यांना पाणी घालून भाषण तयार होतं. त्यापेक्षा तासभर समोर बसा. परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि फोन उलटा करून ठेवा. पडद्यावरचे पळते सेकंद दिसत राहिले की माणूस अवघडतो.

पहिली दहा-पंधरा मिनिटं माणूस भाषणच करतो. 'संस्थेने मला खूप काही दिलं', 'मी निमित्तमात्र', वगैरे. करू द्या. त्यानंतर असे प्रश्न विचारा ज्यांची उत्तरं मोठ्या शब्दांत देताच येत नाहीत. सकाळी पोचल्यावर पहिलं काय करता? सुरुवातीला कुठे बसायचात, टेबल कसं होतं? कोणाचा ओरडा खाल्ला? कोणती वस्तू टाकवत नाही?

निवृत्त होणाऱ्या एका मुख्याध्यापिकाबाईंकडे बसलो होतो. सर्वांगीण विकास, गुणवत्ता, पालकांचं सहकार्य, सगळं सांगून झालं. सकाळी शाळेत गेल्यावर आधी काय करता, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "पिंपाचं झाकण उघडून बघते." का? तर एका पावसाळ्यात पाण्यामुळे मुलं आजारी पडली होती, तेव्हापासूनची सवय. शिपाईमामा रोज म्हणायचे, मी बघितलंय बाई. तरी या बघायच्याच.

पुढचा अर्धा तास त्या पिंपाभोवती बोलत होत्या, आणि तेव्हा त्यांचा आवाज वेगळा लागत होता. रेकॉर्डिंग ऐकताना अशाच जागा शोधायच्या: माणूस जिथे भरभर बोलायला लागतो, जिथे हसतो, किंवा जिथे मध्येच 'हे नका हं लिहू' म्हणतो. शेवटच्या प्रकारातलं लिहायचं नाही, पण त्याच्या आसपास हमखास काहीतरी असतं.

त्यांचे शब्दही टिपून ठेवा. कोणी 'म्हणजे काय आहे की' म्हणतं, कोणी 'मुळात' म्हणतं. सातारा-सांगलीकडचा माणूस 'गावाकडं', 'आमच्यात' म्हणत असेल तर त्याच्या तोंडी सदाशिव पेठ घालू नका. ऐकणाऱ्यांना तो माणूस माहीत असतो. त्यांना तिसऱ्या वाक्याला कळतं की हे दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलंय.

एका वाक्यात सांगता येतंय का बघा

खर्डा करण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: घरी गेल्यावर ऐकणारा काय सांगेल? 'बाई रोज पाण्याचं पिंप बघायच्या म्हणे.' पुरे. भाषणात जे काही येईल ते या वाक्याच्या बाजूने किंवा त्याच्यापर्यंत नेणारं असावं. वाक्य सापडत नसेल तर लिहायला बसू नका, वक्त्याला पुन्हा भेटा.

कानासाठी मराठी

आता त्या मुख्याध्यापिकाबाईंच्याच भाषणातला उतारा बघू. त्यांनी स्वतः लिहून आणलेलं असं होतं:

'आपल्या प्रशालेतील विद्यार्थ्यांच्या आरोग्यविषयक बाबींकडे सातत्याने लक्ष पुरवण्याच्या माझ्या प्रयत्नांमध्ये सर्व शिक्षकेतर सहकाऱ्यांनी वेळोवेळी दिलेल्या बहुमोल सहकार्याबद्दल मी त्यांची शतशः ऋणी आहे.'

व्याकरणात चूक नाही. आणि ऐकून झाल्यावर काही उरतही नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाचताना डोळा झटकन पुढे जाऊन ते गाठतो, कानाला ती सोय नाही. वीस शब्द हातात धरून ऐकणारा 'ऋणी आहे'ची वाट बघत बसतो, आणि वाट बघता बघता पंख्याकडे बघायला लागतो. शिवाय 'शिक्षकेतर सहकारी' म्हणजे मामा, हे मामांनासुद्धा कळत नाही.

शेवटी भाषणात गेलं ते असं:

'रोज सकाळी शाळेत आले की मी आधी पिंपाचं झाकण उघडायची. ऑफिस नंतर. मामा म्हणायचे, बाई, मी बघितलंय. मी म्हणायची, मामा, मी पण बघते. एकदा मला उशीर झाला. धावतपळत आले, तर मामा पिंपाजवळ उभे. म्हणाले, बाई, आज दोनदा बघितलं. एकदा माझं, एकदा तुमचं. मामा, ते दुसऱ्यांदा बघणं मी विसरलेले नाही.'

यात 'ऋणी' नाही, 'बहुमोल' नाही. वाक्यं लहान आहेत, पण सगळी सारख्या लांबीची नाहीत. सारख्या लांबीची तुटक वाक्यं ऐकली की पाढे म्हटल्यासारखं वाटतं. गोष्ट घडली त्या क्रमाने सांगितली आहे. आणि शेवटच्या वाक्यात बाई सभागृहाशी बोलत नाहीत, मागे दाराजवळ उभ्या असलेल्या मामांशी बोलतात. त्या वाक्याला सगळ्यांच्या माना मागे वळल्या. लिहिताना हे मनात होतं, म्हणून मामा त्या दिवशी चहाच्या गडबडीत खाली जाणार नाहीत एवढी काळजी आदल्या दिवशीच घेतली होती. भाषणलेखनात असलीही कामं येतात.

ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत वाट बघायला लावण्याचा फायदाही उठवता येतो. परिचय करून देताना 'ज्यांनी तीस वर्षं या वाचनालयाचं कुलूप स्वतःच्या हाताने उघडलं, ज्यांना इथलं प्रत्येक कपाट पाठ आहे, त्या आपल्या...' असं म्हणून नाव शेवटी आणलं, तर टाळी बरोबर नावावर पडते. एका भाषणात एकदाच. दुसऱ्यांदा केलं की निवेदकाचा बाज येतो.

लेखी रूपं टाळा. 'केले, झाले, म्हटले' असं लिहून दिलंत तर वक्ता तसंच वाचतो आणि ते परिपत्रकासारखं लागतं. 'केलं, झालं, म्हटलं' असंच लिहा. 'सदर', 'उपरोक्त', 'याप्रसंगी', 'अनन्यसाधारण' हे शब्द दिसले की त्या जागी साधा शब्द घाला. इंग्रजी शब्दांना घाबरू नका. वक्ता रोज 'मीटिंग' म्हणत असेल तर भाषणात अचानक 'बैठक' म्हणायला लावू नका. आणि तो 'बैठक'च म्हणत असेल तर प्रश्नच नाही.

सुरुवात

नमनाला घडाभर तेल जाण्याची आपल्याकडे फार सवय. व्यासपीठावरच्या अकरा जणांची नावं, त्यात एक राहिलं म्हणून माफी, मग तुकोबांची शब्दांच्या रत्नांची ओळ, मग 'मी काही वक्ता नाही'. दोन-तीन मिनिटं गेली. नावांची यादी टाळता येत नसेल तर ती वेगळ्या कार्डावर द्या, आयोजकांनी ठरवलेल्या क्रमाने. ऐनवेळी कोणी येत नाही, कोणी न बोलावता येतं. कार्ड बदलता येतं, भाषण बदलावं लागत नाही. अध्यक्ष आणि सत्कारमूर्ती यांची नावं घेऊन बाकी 'व्यासपीठावरचे सर्व मान्यवर' म्हटलं तरी चालतं, पण हे आयोजकांना विचारून करा. नाव राहिल्याचा राग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

त्यानंतर थेट विषयात उडी. किंवा वक्त्याच्या मनात जी अडचण आहे ती सरळ सांगून टाकावी. १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला डॉ. आंबेडकर पुण्याच्या गोखले हॉलमध्ये बोलले. बोलावणारी डेक्कन सभा, म्हणजे रानड्यांच्याच परंपरेतली संस्था. आंबेडकरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की या निमंत्रणाने आपल्याला फारसा आनंद झालेला नाही, प्रसंगाला न्याय देता येईल की नाही अशी धास्ती वाटते. आणि मग रानडे, गांधी आणि जिना या तिघांची तुलना मांडली, जी त्या काळी कोणालाच सुखाने ऐकवली नसती. जो माणूस आरंभीच आपली अस्वस्थता उघड करतो, त्याचं पुढचं बोलणं लोक कान देऊन ऐकतात. मात्र ती अस्वस्थता खरी हवी. 'मी काही वक्ता नाही' असं म्हणून पाऊण तास बोलणाऱ्यांमुळे या युक्तीची पार रया गेली आहे.

आकडे, नावं, अवतरणं

भाषणात आकडा एकच ठेवा, फार तर दोन. आणि तो मराठीत कानाला सोपा करा. '३,४७,५०० रुपये' कोणाच्या लक्षात राहत नाही, 'साडेतीन लाखांच्या आसपास' राहतं. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे आपल्याकडचं ठेवणीतलं धन आहे, ते वापरा. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत वक्ताही अडखळतो आणि ऐकणाराही गोंधळतो, तेव्हा 'सत्तरीला आले' म्हणा.

आकड्यांनीच सभा जिंकायची असेल तर गोखल्यांकडे बघा. १९०२ साली कायदेमंडळातल्या त्यांच्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणाने त्यांचं नाव झालं. सरकार शिल्लक दाखवत होतं. गोखल्यांचं म्हणणं होतं की लोक दुष्काळाने आणि प्लेगने गांजलेले असताना तिजोरीत पैसा उरतो याचा अर्थ भरभराट झाली असा होत नाही, कर जास्त घेतले जातायत असा होतो. हे वाक्य काढून घेतलं तर त्यांचे सगळे आकडे निराधार होतील. आधी म्हणणं, मग त्याला लागेल तेवढाच आकडा.

नावांचा उच्चार फोन करून विचारा. आडनावातला 'च' ताटातल्या चटणीचा की कपातल्या चहाचा, हे कागदावरून कळत नाही. ज्या नावावर वक्ता अडखळेल असं वाटतं ते अक्षरं सुटी करून लिहून द्या.

अवतरणांचं सांगायचं तर, व्हॉट्सॲपवर पु. लं.च्या नावाने फिरणारी निम्मी वाक्यं पु. लं.नी ऐकलीही नसतील. पुण्यात हा धोका जास्त, कारण पहिल्या रांगेत मूळ पुस्तक पाठ असलेले कोणीतरी बसलेले असतात आणि ते चहाच्या वेळी तुमच्या वक्त्याला गाठतात. पान उघडून बघितलं नसेल तर ओळ वापरू नका. शंका आली तर वाचनालय गाठा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, तुमची एक खेप त्याला जड नाही.

लांबी

मराठीत मिनिटाला १०० ते १२० शब्द धरा, वयस्कर वक्ता असेल तर त्याहून कमी. आठ मिनिटं मिळाली असतील तर साडेसहाशे शब्दांत आटपा. उरलेला वेळ टाळ्या, खोकला आणि माईक नीट करणं यांत जातो. ठरल्या वेळेपेक्षा कमी बोललेल्या माणसाबद्दल पुण्यात अजून कोणी तक्रार केलेली ऐकली नाही.

१९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. ज्युरीपुढचं त्यांचं भाषण कित्येक दिवस, एकूण २१ तासांहून जास्त चाललं. निकालानंतर मात्र ते मोजकी दोन-तीन वाक्यं बोलले: ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, आणि याहून वरची शक्ती आहे, या अर्थाची. मुंबई उच्च न्यायालयात पाटीवर कोरलेली आहेत ती ही वाक्यं.

मानपत्र आणि श्रद्धांजली

मानपत्र हे भाषण नव्हे. ते फ्रेम होऊन कोणाच्या तरी दिवाणखान्यात लागतं, म्हणून त्यात थोडी भरजरी भाषा चालते. 'आपण', 'आपल्या कार्याचा गौरव' वगैरे. पण गावाचं नाव, सालं, पदं घरच्यांकडून तपासून घ्या आणि ऱ्हस्व-दीर्घ दोघांकडून वाचून घ्या. भिंतीवरची चूक रोज दिसते. छपाई आणि फ्रेमवाल्याचे दोन दिवस धरून मजकूर आधी संपवा. जो ते वाचणार आहे त्याला एकदा मोठ्याने वाचायला लावा, कारण मानपत्रातली वाक्यं लांब असतात आणि श्वास कुठे घ्यायचा हे ठरलेलं नसेल तर वाचन फसतं.

श्रद्धांजली तीन मिनिटं. 'काळाने घाला घातला', 'न भरून निघणारी पोकळी' ही वाक्यं आधीच्या वक्त्यांसाठी सोडा. गेलेल्या माणसाचा एकच प्रसंग घ्या, ज्यात तो काहीतरी करतोय. आणि वक्त्याच्या वाक्यांतले 'मी' मोजा. 'माझी आणि त्यांची पहिली भेट' पासून सुरू होणाऱ्या शोकसभेतल्या भाषणात बहुतेकदा गेलेला माणूस पाहुणा असतो.

कान कसा तयार करायचा

पुण्यात यासाठी शिकवणी लावावी लागत नाही. रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून दर उन्हाळ्यात महिनाभर चालते. टिळक स्मारक मंदिरात मागच्या रांगेत जाऊन बसा आणि वक्त्याकडे बघू नका, श्रोत्यांकडे बघा. कुठल्या वाक्याला हालचाल थांबते, कुठे घड्याळं दिसतात, कुठे कोणी शेजारच्याकडे वळून काही बोलतं, याची टिपणं काढा. चार व्याख्यानांत जे कळतं ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

जुनी रेकॉर्डिंग्ज ऐका, पण काय उचलायचं ते जपून ठरवा. आचार्य अत्र्यांची अतिशयोक्ती, 'गेल्या दहा हजार वर्षांत असा माणूस झाला नाही' ही जातकुळी, अत्र्यांनाच शोभते. बँकेच्या शाखाधिकाऱ्याच्या तोंडी ती घातलीत तर लोक भलत्याच ठिकाणी हसतील. त्यांच्याकडून टोला कधी मारायचा याचं भान घ्या. प्राचार्य शिवाजीराव भोसले यांच्याकडे संथ लय आहे. ते एक विचार पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसत. बाबासाहेब पुरंदरे प्रसंग सांगताना ऐकणाऱ्याला तिथे उभं करायचे. या तिघांतलं कोणीच कागद वाचून दाखवणाऱ्यांतलं नव्हतं, आणि तुमचा वक्ता बहुधा कागदच वाचणार आहे, हा फरक विसरू नका.

कागद

खर्डा झाला की तुम्ही मोठ्याने वाचा, मग वक्त्याकडून वाचून घ्या. जिथे तो अडखळेल ते वाक्य बदला, त्याला समजावत बसू नका.

छापताना अक्षर मोठं, अठरा-वीसच्या खाली नाही. कागदाच्या एकाच बाजूला. खालचा एक तृतीयांश भाग कोरा, म्हणजे मान फार खाली जात नाही. ओळ श्वास संपतो तिथे तोडा, समासापर्यंत भरत बसू नका. पान उलटताना वाक्य अर्धवट राहता कामा नये. पानांवर आकडे घाला आणि पिन लावू नका; पिन लावलेली पानं माईकसमोर फडफडतात. दुसरी प्रत तुमच्या खिशात, कारण वक्त्याची प्रत गाडीत राहते. मोबाईलवरून वाचू देऊ नका. ऐन रंगात कोणाचा तरी फोन येतो.

चांगला वक्ता मध्येच कागद सोडतो. १९६३ साली वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हातात लिहिलेलं भाषण होतं, त्यातल्या मजकुरावर त्यांचे सहकारी क्लॅरेन्स जोन्स यांनी काम केलं होतं. गायिका महालिया जॅक्सन यांनी मागून हाक दिली, 'स्वप्नाबद्दल सांगा'. किंगनी कागद बाजूला केला, आणि जगाने लक्षात ठेवला तो पुढचा भाग. तुमच्या वक्त्याने असं केलं तर चेहरा पाडून बसू नका. परत कागदावर यायचं असेल तर कुठून यायचं, यासाठी प्रत्येक भागाचा पहिला शब्द ठळक करून ठेवा, तेवढं पुरतं.

कार्यक्रम झाल्यावर

घरी आल्यावर त्याच रात्री खर्ड्यावर खुणा करा: कुठे टाळी पडली, कुठे पडायला हवी होती आणि पडली नाही, वक्त्याने काय गाळलं, काय स्वतःहून घातलं. स्वतःहून घातलेलं सगळ्यात मोलाचं, कारण त्याची खरी भाषा तिथे सापडते. पुढच्या वेळी तीच वापरा. खर्डे तारीख, सभागृह आणि आयोजक संस्था घालून फाईलला लावा. एखादा किस्सा दुसऱ्या वक्त्याला द्यायचा मोह झाला की ती फाईल उघडून बघा. पुण्यात कार्यक्रम बदलतो, पत्रिका बदलते, पहिल्या तीन रांगा बहुधा त्याच असतात.